प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर नुसतं ‘गूगल’ लिहू नका रे बाबांनो

डिसेंबर लागला की आमच्याकडे प्रोजेक्टचा सीझन सुरू होतो आणि वर्षभर लायब्ररीकडे न फिरकलेली पोरं-पोरी एकदम दारात उभी राहतात, कारण वर्गात सरांनी सांगितलेलं असतं की शेवटी संदर्भसूची पाहिजे. ती कशी लिहायची ते सरांनी सांगितलेलं नसतं, पोरांनी विचारलेलं नसतं, आणि मग ते सगळं प्रकरण माझ्या टेबलावर येऊन पडतं. मी धुळे जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजमधे ग्रंथपाल आहे (कॉलेजचं नाव लिहीत नाही, आमचे प्राचार्य पण फेसबुकवर असतात). दरवर्षी तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून यंदा ठरवलं की एकदाच नीट लिहून ठेवायचं आणि जो येईल त्याला लिंक पाठवायची.

तर ते शेवटचं पान. अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा विषयाच्या प्रोजेक्टचा साचा सगळ्यांना पाठ असतो, प्रस्तावना, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष आणि मग संदर्भ. कव्हरवर दोन-दोन दिवस जातात, लेस लावतात, चमकी लावतात, हेडिंगला तीन रंगांचे स्केचपेन. आणि संदर्भाच्या पानावर, सबमिशनच्या आदल्या रात्री झोपेत लिहिल्यासारखं: गूगल, विकिपीडिया, यूट्यूब, पाठ्यपुस्तक, इंटरनेट. गूगल पण आणि इंटरनेट पण, म्हणजे काही सुटायला नको. एकीनं तर ‘मोबाईल’ लिहिलं होतं.

आता गूगल हा संदर्भ का नाही ते बघा. आपल्याकडे कुठल्याही गावात एसटीतून उतरून ‘पाटलांचं घर कुठे’ असं विचारलं तर लोक हसतील, अर्धं गाव पाटील असतं. कोणते पाटील, कोणत्या गल्लीतले, मळ्यात राहतात का गावात, हे सांगितल्याशिवाय कोणी दार दाखवणार नाही. गूगल लिहिलं की तसंच होतं. त्यानं तुम्हाला कुठल्यातरी दारापर्यंत नेलं, ते दार कोणाचं होतं ते लिहायचं असतं. तुमचा प्रोजेक्ट वाचताना एखाद्याला वाटलं की हे खरं आहे का जरा बघू, तर तुम्हाला फोन न करता त्याला तीच ओळ त्याच पानावर सापडली पाहिजे, संदर्भसूचीचं काम एवढंच. स्वल्पविराम कुठे आणि टिंब कुठे हा फार नंतरचा प्रश्न आहे आणि मला विचाराल तर शाळेच्या पातळीवर जरा कमी महत्त्वाचा पण आहे.

धुळ्याच्या पोरांना तर हे वेगळं सांगायलाच नको खरं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला आपल्या धुळ्यात गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं, रोज त्या बाजूनं रिक्षा जातात. या माणसानं गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं धुंडाळली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, पहिला १८९८ मधे. त्या खंडांत मूळ पत्रंच छापली आहेत. म्हणजे राजवाड्यांनी काढलेला निष्कर्ष तुम्हाला पटो न पटो, ज्या कागदावरून काढला तो कागद तुमच्यासमोर ठेवलाय, तुम्ही वाचा आणि भांडा. लोक भांडलेही, त्यांची बरीच मतं आज अभ्यासकांना मान्य नाहीत, पण पत्रं मात्र अजून वापरतात. तुमच्या जलसुरक्षेच्या प्रोजेक्टवर कोणी शंभर वर्षांनी भांडणार नाही हे मला माहितीये, पण बारावीच्या एक्स्टर्नलनं ‘हा आकडा कुठून आणला’ विचारलं की तोंडाकडे बघत उभं राहायला नको, इतकं तरी.

आकड्यांवरून सांगते. एका मुलीनं धुळे जिल्ह्याची लोकसंख्या घेतली होती, छान तक्ता, रंगीत बार. १९९१ ची २५ लाखांच्या वर आणि २०११ ची २०,५०,८६२. आणि निष्कर्षात लिहिलं होतं की पाणीटंचाईमुळे लोकांनी स्थलांतर केल्यानं जिल्ह्याची लोकसंख्या घटली. वाचायला एकदम भारी वाटतं ना? आता १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. १९९१ च्या आकड्यात नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव सगळे आपल्यात मोजलेले आणि २०११ ला ते नाहीत, लोक कुठे गेले नाहीत, जिल्ह्याची हद्द गेली. तिनं दोन वेगवेगळ्या वेबसाइटवरून दोन आकडे उचलले होते आणि खाली फक्त ‘जनगणना’ लिहिलं होतं. तिनं मुळात ‘भारताची जनगणना १९९१, धुळे जिल्हा’ आणि ‘भारताची जनगणना २०११, धुळे जिल्हा’ असं दोन ओळींत लिहिलं असतं, तर ते लिहितानाच कोणीतरी घरचं म्हणालं असतं की अगं तेव्हा नंदुरबार आपल्यातच होतं. वर्ष लिहायला लागतं ते याच्यासाठी.

जळगावचं अजून वेगळं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७. पण नेटवर बऱ्याच ठिकाणी ४२,२४,४४२ पण दिसते आणि तिथे पण खाली जनगणना २०११ असंच लिहिलेलं असतं. दोन्ही जनगणनेचेच आकडे आहेत, लहान आकडा आधी जाहीर झालेला तात्पुरता आणि मोठा नंतरचा अंतिम. दोन मैत्रिणींनी एकाच विषयावर प्रोजेक्ट केला आणि आकडे जुळले नाहीत तर वर्गात ‘तुझं चुकलं, तुझं चुकलं’ सुरू होतं, आणि चूक कोणाचीच नसते, फक्त ‘तात्पुरती आकडेवारी’ हे दोन शब्द लिहायचे राहिलेले असतात.

आणि त्याच्याही मागे गेलात तर गॅझेटिअर, म्हणजे सरकारनं छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा जाडजूड ग्रंथ. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशचा आहे, १८८० चा, त्याचं स्कॅन नेटवर फुकट मिळतं आणि हुशार पोरं त्यातून नदी, पीक, बंधारे याची माहिती काढतात, मला कौतुक वाटतं. पण तेव्हाचा खानदेश जिल्हा म्हणजे ढोबळमानानं आजचे धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे मिळून. १९०६ मधे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पूर्वचं मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमचं धुळे. त्यामुळे १८८० चं वाक्य उचलून ‘खानदेशात कापूस इतका पिकतो’ असं वर्तमानकाळात लिहिलं की झाला घोटाळा. सूचीत असं लिहा: गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १२, खानदेश, गव्हर्न्मेंट सेंट्रल प्रेस, मुंबई, १८८०, आणि मग पान नंबर. स्कॅन वाचलं असेल तर कुठल्या साइटवर वाचलं ते पुढे लिहा, छापील पुस्तक हातात घेतल्याचा आव आणू नका. आणि वाक्यात ‘१८८० च्या गॅझेटिअरनुसार’ असं लिहायला लाजू नका, उलट त्यानं वजन वाढतं.

पुस्तकाचं त्या मानानं सोपं. आडनाव, नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष, पान. हे सगळं कव्हरवर नसतं, कव्हर उलटा, आतलं नावाचं पान आणि त्याच्या मागची बाजू बघा, बारीक अक्षरात सगळं तिथे असतं. आणि तिथे बघताना प्रकाशक आणि मुद्रक यांत गोंधळ करू नका, मुद्रक म्हणजे ज्याच्या प्रेसमधे छापलं तो, त्याला सूचीत जागा नाही. एकदा मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला लेखक केलेलं पण मी पाहिलंय. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण पण वेगळं, नुसतं परत छापलं तर पुनर्मुद्रण, आत काही बदललं असेल तर नवी आवृत्ती, आणि त्यात पानं मागेपुढे झालेली असतात म्हणून तुमच्या हातात जी प्रत आहे तिचंच वर्ष टाका. जुन्या पुस्तकात कधी कधी इसवी सन नसतंच, शके असतं. त्यात ७८ मिळवा, शके १८२० म्हणजे १८९८. वर्ष पाडव्याला बदलतं म्हणून जानेवारी ते मार्चच्या आसपासची तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात.

पाठ्यपुस्तकाला सगळे ‘बालभारती’ लिहितात. प्रेमानं म्हणायला ठीक आहे, सूचीत पूर्ण नाव लिहा, महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे, आणि इयत्ता, विषय, वर्ष, पान. वर्ष कशाला म्हणाल तर अभ्यासक्रम बदलतो, दहावीचं पुस्तक २०१८ ला बदललं, अकरावीचं २०१९ ला, बारावीचं २०२० ला. ताईचं जुनं पुस्तक घरात असतं, तुम्ही त्यातला धडा घेता, सर नव्या पुस्तकात शोधतात, धडाच नाही.

पेपरच्या कात्रणाचं एक सांगते जे कोणीच लिहीत नाही. आपल्याकडे पेपर जिल्ह्यागणिक वेगळा असतो. लोकमत घ्या, सकाळ घ्या, जळगावला जो येतो त्यातली आतली पानं पुण्याच्या अंकात नसतात. केळीला काय भाव मिळाला, तापीचं पाणी किती सोडलं, या बातम्या स्थानिक पानावरच्या. म्हणून पेपरचं नाव, मग ‘जळगाव आवृत्ती’ किंवा जी असेल ती, तारीख, पान. नाहीतर उद्या कोणी पुण्याच्या लायब्ररीत तो अंक काढून बसला तर त्याला ती बातमी जन्मात सापडायची नाही आणि तो म्हणेल पोरानं मनानं लिहिलं. आणि कात्रण चिकटवताना तारखेची पट्टी कापून टाकू नका ना, तेवढीच तर कामाची असते! हवामानाचं पण तसंच, ‘भुसावळला इतकं तापमान’ असं लिहून खाली ‘मोबाईल अ‍ॅप’ म्हटलं तर मे महिन्यातलं का डिसेंबरमधलं ते कसं कळणार?

विकिपीडियाबद्दल दोन टोकाचे लोक भेटतात. काही सर म्हणतात विकिपीडिया दिसला की मार्क कापणार, आणि काही पोरं आख्खा लेख कॉपी-पेस्ट करतात, निळ्या लिंकांसकट. माझं म्हणणं मधलं आहे. विकिपीडिया वाचा, बिनधास्त वाचा, पण लेखाच्या तळाशी जी संदर्भांची यादी असते ती उघडा आणि त्यातलं मूळ पुस्तक किंवा रिपोर्ट शोधून तो वाचा, मग सूचीत तोच लिहा. मूळ सापडलाच नाही तर विकिपीडियाचं नाव द्या, पण लेखाचं शीर्षक आणि तुम्ही पाहिल्याची तारीख टाका, कारण तो लेख उद्या कोणीही बदलू शकतो. प्रत्येक लेखाला इतिहासाचं पान असतं आणि त्यात त्या-त्या वेळच्या रूपाची कायमची लिंक मिळते, ती दिली तर उत्तमच. मराठी विश्वकोश वापरणार असाल, तो पण नेटवर आहे, तर नोंदीच्या शेवटी नोंद लिहिणाऱ्याचं नाव असतं ते बघा. पोरं ‘मराठी विश्वकोश’ लिहून मोकळी होतात. २० खंडांचा विश्वकोश आहे तो, त्यात नुसत्या नावावर काय शोधणार माणूस? नोंद लिहिणाऱ्याचं नाव, नोंदीचं नाव, खंड, एवढं हवं.

बाकी वेबसाइटला लेखक किंवा संस्था, पानाचं शीर्षक, साइटचं नाव, तारीख, पूर्ण लिंक आणि कधी पाहिली ते. होमपेजची लिंक देऊन उपयोग नाही. यूट्यूबला चॅनलचं नाव, व्हिडिओचं नाव, अपलोडची तारीख आणि कितव्या मिनिटाला ते बोललेत ते, चाळीस मिनिटांचा व्हिडिओ सर बघणार नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही नाही. त्यात आपल्या बहिणाबाईंच्या नावावर इतकं काय काय फिरतं की विचारू नका, सूर्योदयाचा फोटो, त्यावर दोन ओळी आणि खाली ‘बहिणाबाई’. एक तर बहिणाबाई दोन. एक संत बहिणाबाई, तुकारामांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या, अभंग लिहिणाऱ्या. दुसऱ्या आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांचं नाव २०१८ मधे जळगावच्या विद्यापीठाला दिलं. नेटवर यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सर्रास चिकटवलेलं असतं. चौधरींच्या कविता मुळात तोंडी, घरच्यांनी टिपून ठेवलेल्या, १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मधे मुलानं, सोपानदेवांनी, ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आणली. तर तुम्हाला बहिणाबाई हव्याच असतील तर ते पुस्तक उघडा, तुमच्या हातातली जी आवृत्ती असेल तिचं पान लिहा. पुस्तकात ती ओळ नसेल तर वापरू नका, कितीही गोड असली तरी.

आता माझ्या आवडीचा भाग. एका मुलानं फड पद्धतीवर प्रोजेक्ट केला होता. साक्रीकडचा पोरगा, पांझरेच्या काठचं गाव. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाचवीपासून पुस्तकात कुठेतरी चार ओळी असतील याच्यावर, याच्याकडे मात्र सहा पानं होती, कोणत्या महिन्यात पाट साफ करायचे, पाटकऱ्याला धान्यात काय द्यायचे, पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तर कोण मिटवायचं. मी विचारलं हे सगळं कुठून रे? तर म्हणे, “मॅडम, आबानी सांगेल शे, पण ते कसं लिखू?” सूचीत त्यानं गूगल, विकिपीडिया, यूट्यूब लिहिलं होतं आणि आबांना कुठे जागाच दिली नव्हती. म्हणजे ज्यांच्याकडून काही घेतलंच नाही ते तीन वर आणि ज्यांनी सहा पानं दिली ते आबा गायब.

आबा हा संदर्भ आहे, पोरांनो. फक्त ‘आजोबा’ लिहून भागत नाही, सगळ्यांनाच आजोबा असतात. आबांचं पूर्ण नाव, वय, गाव-तालुका, त्यांचा या विषयाशी संबंध काय (ते स्वतः पाटकरी होते का, का त्यांचे वडील होते), मुलाखत कोणत्या तारखेला आणि कुठे घेतली, कोणी घेतली. मोबाईलवर रेकॉर्ड केली असेल तर तसं लिहा. आधी विचारा की आबा, तुमचं नाव छापू का, आणि फोन नंबर अजिबात टाकू नका. त्याच आठवड्यात अजून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, दोघांचं जुळलं तर छान, नाही जुळलं तर दोन्ही लिहा. त्या पोराच्या आबांचं आणि शेजारच्या नानांचं धान्याच्या मापावरून जुळलं नाही, त्यानं दोन्ही मापं दिली, नावांसकट, आणि सरांना ते पान सगळ्यात जास्त आवडलं. यावल-रावेरची पोरं केळीवर प्रोजेक्ट करतात तेव्हा पण हेच. मृगबाग कधी लावतात, कांदेबाग कधी, करप्यावर काय फवारतात, हे बापू-अण्णांना विचारूनच लिहितात आणि मग खाली गूगल. बापूंचं नाव लिहा आणि शास्त्रीय माहितीसाठी जळगावच्या केळी संशोधन केंद्राचं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं काही पत्रक, पुस्तिका मिळते का बघा. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, बापू काय करतात आणि विद्यापीठ काय करा म्हणतं यातला फरक हाच तर तुमचा निरीक्षणाचा भाग!

इथे स्टाइलचा मुद्दा येतो, कारण पोरं नेटवर ‘बिब्लिओग्राफी कशी लिहावी’ टाकतात आणि एमएलए, एपीए, शिकागो अशी नावं बघून घाबरतात. ही अमेरिकेतल्या संस्थांची आपापली पद्धत आहे, बाकी काही नाही. एमएलए साहित्य-भाषावाल्यांची, सध्या नववी आवृत्ती चालू आहे, २०२१ ची. एपीए मानसशास्त्रवाल्यांची, सातवी, २०१९ ची. शास्त्रात माहिती किती ताजी हे आधी बघतात म्हणून एपीए लेखकाच्या नावामागोमाग वर्ष टाकतं, एमएलए वर्ष शेवटाकडे टाकतं. मुलाखतीबद्दल तर दोघांचं सरळ भांडण आहे. एपीए म्हणतं खासगी मुलाखत वाचणाऱ्याला परत सापडणार नाही, म्हणून ती सूचीत घेऊ नका, फक्त मजकुरात उल्लेख करा. एमएलए मुलाखत सूचीत घेऊ देतं. आपल्या पोरांच्या प्रोजेक्टमधे अर्धा जीव मुलाखतीतच असतो, त्यामुळे माझं मत एमएलएच्या बाजूनं. उलट प्रकाशनाचं गाव या दोघांनी पण काढून टाकलंय, नवीन आवृत्त्यांत पुस्तकाला शहराचं नाव मागत नाहीत, पण मराठीत लहान लहान प्रकाशक असतात, कुठले ते कळायला गाव लागतं, म्हणून मी तरी ‘पुणे’, ‘जळगाव’, ‘धुळे’ लिहायलाच सांगते. सरांनी एखादी पद्धत सांगितली असेल तर तीच वापरा, वाद घालू नका. नसेल सांगितली तर कोणतीही एक धरा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीच ठेवा.

क्रम अकारविल्हे, आडनावानं. खानदेशात याची एक गंमत होते, कारण सूचीत तीन-चार पाटील, दोन चौधरी आणि एखादे महाजन असतातच. पाटील आले की पुढे पहिल्या नावानं लावा, ते पण सारखं असेल तर जुनं पुस्तक आधी. नुसती आद्याक्षरं टाकून ‘पाटील, आर.’ लिहिलं तर परत तो एसटी स्टँडवरचा प्रश्न, कोणते पाटील? टोपणनावानं पुस्तक असेल तर पुस्तकावर जे नाव आहे तेच, कुसुमाग्रज ‘क’ मधे जातील, शिरवाडकर म्हणून ‘श’ मधे नका शोधू. हातानं लिहिताना पुस्तकाच्या नावाखाली रेघ मारा, टाइप करताना तिरकं करा.

आणि नुसती शेवटची यादी देऊन अर्धंच काम होतं. मधल्या मजकुरात कोणतं वाक्य कुठून आलं ते कसं कळणार? सोपी युक्ती, सूचीतल्या प्रत्येक ओळीला नंबर द्या आणि आत त्या वाक्याच्या शेवटी कंसात तो नंबर आणि पान टाका. कोणाचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हात घ्या. स्वतःच्या शब्दात लिहिलं तरी नंबर लागतोच, शब्द बदलले म्हणून माहिती तुमची होत नाही. हे ऐकून पोरं म्हणतात मॅडम मग पानभर नंबरच होतील, तर होऊ द्या. तुमच्या स्वतःच्या निरीक्षणाला, विहिरीची पातळी तुम्ही मोजली, फोटो तुम्ही काढला, त्याला नंबर लागत नाही, तिथे पान मोकळं दिसेल आणि तुमचं काम उठून दिसेल. (झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट विकत मिळतात त्यात ही मोकळी जागा कुठेच नसते, आम्हाला लगेच कळतं बरं का.)

आता एआय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून माझ्याकडे एक नवीन प्रकार सुरू झालाय. पोरं छापील यादी घेऊन येतात, पाच-सहा पुस्तकं, लेखक, प्रकाशक, वर्ष, पान नंबर, अगदी प्राध्यापकानं केल्यासारखी सुबक सूची. मी कपाटात बघते, दुसऱ्या लायब्ररीवाल्यांना विचारते, नेटवर शोधते, आणि त्यातली निम्मी पुस्तकं जगात कुठेच नसतात. लेखक खरा असतो, प्रकाशक खरा असतो, पुस्तक मात्र त्या यंत्रानं रचलेलं. ते शब्द जुळवतं, कपाटात जाऊन बघत नाही. एकाला म्हटलं हे पुस्तक तू वाचलंस का, तर म्हणे नाही मॅडम पण नाव भारी आहे ना. वाचलं नाही ते सूचीत लिहायचं नाही, मग ते खरं असो की रचलेलं. एआयकडून काही समजून घेतलं असेल तर तसं उघड लिहा. इथे पण दोन पद्धतींचं वेगवेगळं आहे, एपीए म्हणतं ज्या कंपनीनं ते बनवलं ती लेखक म्हणून लिहा, एमएलए म्हणतं त्याला लेखक मानूच नका, तुम्ही प्रश्न काय विचारला, कोणतं टूल, कोणती तारीख हे लिहा. मला दुसरं बरं वाटतं, प्रश्न वाचला की पोरानं स्वतः किती डोकं लावलं ते दिसतं.

आणि हे सगळं शेवटच्या रात्री करायला बसलात तर रडाल. ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर एक ओळ टाकायची. लायब्ररीतल्या पुस्तकातल्या मजकुराचा फोटो काढता ना सगळे, मग परत घरी गेल्यावर ‘हे कुठल्या पुस्तकातलं होतं’ म्हणून मला रात्री मेसेज. मी कशी ओळखणार नुसत्या पान ४७ वरून?

यंदा जानेवारी अखेरपर्यंत लायब्ररी साडेपाचपर्यंत उघडी ठेवणार आहे. गॅझेटिअर आणि विश्वकोशाचे खंड काउंटरच्या मागच्या कपाटात आहेत, घरी मिळणार नाहीत, तिथेच बसून वाचायचे. फोटो काढायला परवानगी आहे, पण आधी नावाच्या पानाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा, मग हवं ते पान. आणि येताना आयकार्ड आणा.